वाचनालयाचा प्रोग्रॅम स्वतः लिहिताना: आधी डेटाची जागा ठरवा, पडदे मागाहून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, सुमारे २२ हजार पुस्तकं, अकराशे सभासद. देवघेवीच्या टेबलावर विंडोज ७ चा जुना संगणक, कार्यालयात विंडोज १०, वाचनकक्षात उबुंटू, आणि चिटणीसांना घरच्या मॅकवर अहवाल पाहायचे आहेत. सध्याचा प्रोग्रॅम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनातला आहे आणि तो ज्यांनी लिहिला ते आता दुरुस्तीला येऊ शकत नाहीत. तुम्हाला कॉलेजातलं पास्कल आठवतं, पायथन थोडं येतं. मुक्त साधनं वापरून सगळीकडे चालेल असा डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहायचा आहे, आणि विचारलंय की पास्कलमधलं लॅझारस घ्यावं, पायथन घ्यावं की वेबच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्रॅम बनवणारं इलेक्ट्रॉन.

माझं उत्तर: लॅझारस, आणि मागे डेटा सांभाळायला पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर. पण हे उत्तर मी ज्या क्रमाने काढलं तो क्रम उत्तरापेक्षा जास्त कामाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी वीसेक वर्षं लहान संस्थांसाठी असे प्रोग्रॅम लिहितोय. त्यातले बहुतेक पडदे, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारे फॉर्म, मी स्वतःच दोनदा-तीनदा नव्याने लिहिले. डेटा मात्र पहिल्या दिवसाचाच चालू आहे. पडदा चुकला तर आठवड्याभरात बदलता येतो. डेटा चुकीच्या जागी, चुकीच्या रूपात साठवला तर ते निस्तरायला वर्ष जातं.

त्याआधी एक. कोहा पाहिलं आहे का? न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी लिहिलेली आणि २००० सालापासून वापरात असलेली ही मुक्त ग्रंथालय प्रणाली आहे. ती ब्राउझरमध्ये चालते आणि मागे लिनक्स सर्व्हर लागतो. इतर ग्रंथालयांशी सूचींची देवाणघेवाण करायची असेल तर स्वतः लिहू नका, कोहाच बसवा. तुमच्या पत्रावरून मात्र दिसतं की तुम्हाला दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणी आणि अनामत एवढंच हवंय, तेही तुमच्या नोंदवह्यांच्या नमुन्यात. त्यासाठी स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणं योग्य आहे.

आता डेटाची जागा. नवखा माणूस इथे साहजिकच एसक्यूलाइटकडे जातो, कारण ते खरोखर सुंदर आहे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं, सार्वजनिक मालकीत दिलेलं, बसवण्याची कटकट नाही, अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. क्षमतेची चिंता नको, एका फाइलची मर्यादा २८१ टेराबाइट आहे. एकाच संगणकावरचा प्रोग्रॅम असता तर मी डोळे मिटून तेच सांगितलं असतं. तुमच्याकडे तीन संगणक आहेत, आणि घात तिथेच होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेत मी एसक्यूलाइटची फाइल कार्यालयातल्या संगणकाच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवली आणि दोन टेबलांवरून तीच उघडली. चार महिने सगळं व्यवस्थित. मग एका सोमवारी सकाळी फाइल बिघडल्याचा संदेश आला. बॅकअप शुक्रवारचा होता आणि शनिवारी वसुलीचा दिवस होता. पावती पुस्तकावरून दीडशेवर नोंदी पुन्हा हाताने घालाव्या लागल्या. कारण साधं आहे. दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी लिहू नये म्हणून एसक्यूलाइट फाइलवर कुलूप घालतं, पण ते कुलूप ऑपरेटिंग सिस्टिमच्या भरवशावर असतं. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ही कुलपं खात्रीने चालत नाहीत. एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी स्वतःच तसं स्वच्छ लिहून ठेवलं आहे. वेग वाढवण्यासाठी लोक जो ‘वॉल’ मोड चालू करतात तो तर सगळे प्रोग्रॅम एकाच संगणकावर असतील तरच चालतो. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली शेअर करून चालवायची तुम्हाला सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. तीच सवय इथे आणू नका.

म्हणून सर्व्हर हवा. म्हणजे एकाच संगणकावर डेटाबेसचा प्रोग्रॅम चालू असतो आणि बाकीचे त्याच्याकडे मागणी करतात. फाइलला दुसरं कोणी हात लावत नाही. मुक्त साधनांत पोस्टग्रेस आणि फायरबर्ड हे दोन पर्याय मला मनापासून आवडतात. बोरलँडने २००० साली इंटरबेसचा सोर्स खुला केला, त्यातून फायरबर्ड जन्मलं. बसवायला हलकं, देखभाल जवळजवळ नाही, आणि डेल्फी-पास्कलवाल्यांचं जुनं नातं. तुम्ही फायरबर्ड घेतलंत तरी मी हरकत घेणार नाही. पोस्टग्रेस पुढे ठेवतो ते दोन कारणांनी. मराठी अकारविल्हे लावणं त्यात सोपं आहे, आणि उद्या तुम्ही नसताना ते सांभाळणारा माणूस सापडणं सोपं आहे.

सर्व्हर म्हणून उबुंटूचा संगणक वापरा, पण तो वाचनकक्षातून उचलून कार्यालयात आणा. वाचकांच्या हाताशी असलेला संगणक कोणीतरी बंद करणारच. त्याला यूपीएस द्या. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी आपल्या लॉगमध्ये लिहून मग पक्का करतं, त्यामुळे वीज गेली तरी ते स्वतःला सावरतं. अट एकच: वेग वाढेल म्हणून कुणी ‘एफसिंक’, म्हणजे बदल खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करण्याची सोय, बंद करायला सांगितलं तर ऐकू नका, तो आधारच काढून घेतल्यासारखं होतं. बसवल्यावर पोस्टग्रेस फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकतं. बाहेरच्या दोन संगणकांना परवानगी देण्यासाठी त्याच्या दोन सेटिंग फाइलींत बदल करावा लागतो, आणि राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरवून द्यावा लागतो. पोस्टग्रेसचा ५४३२ हा पोर्ट इंटरनेटवर मात्र उघडू नका, चिटणीसांसाठीसुद्धा नाही. त्यांची सोय शेवटी सांगतो.

मग पडद्यांचं साधन. इथे निर्णय तुमच्या विंडोज ७ ने आधीच घेतला आहे. इलेक्ट्रॉनने २०२३ मध्ये २३ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ सोडलं. पडदे बनवायच्या क्यूटी या लायब्ररीच्या ६ व्या आवृत्तीला विंडोज १० लागतं, म्हणजे तिची पायथनसाठीची जोडणी पायसाइड ६ गेलं. पायथनची स्वतःची शेवटची विंडोज ७ वर चालणारी मालिका ३.८. जुन्या आवृत्त्यांवर अडून बसता येतं, पण नवीन काम जुन्या पायावर सुरू करणं मला पटत नाही. शिवाय जुन्या संगणकाच्या कमी मेमरीत इलेक्ट्रॉन म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅममागे एक अख्खा क्रोमियम ब्राउझर.

लॅझारस हे फ्री पास्कल कंपायलरवर उभं असलेलं, डेल्फीच्या वळणाचं साधन. १९९९ पासून त्यावर काम चालू आहे. फॉर्मवर बटणं-खोकी ठेवायची, मागे पास्कल लिहायचं, आणि त्याच कोडमधून विंडोज, लिनक्स, मॅक या प्रत्येकासाठी वेगळी एक्झिक्युटेबल फाइल तयार करायची. ती काही एमबींची असते. डीबगची माहिती काढायला विसरलात तर फाइल खूप मोठी दिसते, घाबरू नका. ग्राहकाच्या संगणकावर पायथन, जावा असं काही आधी बसवावं लागत नाही. परवान्याचाही अडसर नाही: त्याची लायब्ररी सुधारित एलजीपीएल परवान्याखाली आहे, तुमचा सोर्स उघडा करणं बंधनकारक नाही. उद्या शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाने मागितला तर तुम्ही हवा तसा देऊ शकता. पायथनकडे वळलात तर हे लक्षात ठेवा की क्यूटीची दुसरी पायथन जोडणी पायक्यूटी ही जीपीएल (प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तर सोर्सही द्यावा लागतो) किंवा व्यावसायिक परवान्यात मिळते आणि पायसाइड एलजीपीएलमध्ये. दोन्ही दिसायला सारखी, बंधनं वेगळी.

लॅझारसमध्ये पहिल्या महिन्यात कुठे अडखळाल ते आधीच सांगतो, कारण प्रत्येक ठिकाणी माझे दोन-दोन दिवस गेले आहेत.

ग्रिडमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या नोंदींच्या तक्त्यात, पुस्तकाच्या नावाऐवजी कंसात ‘मेमो’ असा शब्द दिसेल. टेबलात कॉलम ‘टेक्स्ट’ प्रकारचा ठेवला की लॅझारस त्याला मोठा मजकूर समजतं. कॉलम व्हारकॅर २०० असा लांबी देऊन ठेवा, किंवा ग्रिडला मेमोचा मजकूर दाखवण्याचा पर्याय आहे तो चालू करा. फ्री पास्कलच्या जुन्या आवृत्त्यांत मराठी नावं अर्ध्यातच तुटायची, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं आणि लांबी बाइटमध्ये मोजली जायची. ३.२ किंवा पुढची आवृत्ती घ्या, तरीही लांब नावाच्या पुस्तकाची एक नोंद घालून तपासा.

एकूण नोंदी मोजल्यावर २२ हजारांऐवजी १० येतील. डेटा गेलेला नसतो. क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, सुरुवातीला दहाच नोंदी आणते आणि तेवढ्याच मोजते. संख्या हवी असेल तर ती डेटाबेसला विचारा, ग्रिडला नाही.

सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट ट्रान्झॅक्शनची, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्याची. नोंद ‘पोस्ट’ केली की ती फक्त तुमच्या प्रोग्रॅमच्या स्मृतीत पक्की होते. ‘अप्लाय अपडेट्स’ केल्यावर सर्व्हरकडे जाते, आणि ‘कमिट’ केल्यावर सगळ्यांना दिसते. यातली शेवटची पायरी राहिली तर दिवसभर सगळं नीट दिसतं आणि संध्याकाळी प्रोग्रॅम बंद केला की नोंदी नाहीशा होतात. उलट, कमिट केलं की त्याच्याशी जोडलेल्या क्वेरी बंद होतात आणि ग्रिड रिकामं होतं. त्यासाठी क्वेरीच्या पर्यायांत ‘कीप ओपन ऑन कमिट’ आहे, फ्री पास्कल ३.० पासून. माझी पद्धत अशी: देवघेवीची प्रत्येक कृती म्हणजे एक लहान ट्रान्झॅक्शन. सुरू, लिहिलं, कमिट, संपलं. सकाळी उघडलेलं ट्रान्झॅक्शन संध्याकाळपर्यंत लटकत ठेवलं तर पोस्टग्रेसला जुना कचरा आवरता येत नाही.

वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर क्वेरीच्या वाक्यात कधीही चिकटवू नका, पॅरामीटरनेच, म्हणजे वाक्याबाहेरचं वेगळं मूल्य म्हणून द्या. एखाद्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात लुप्तचिन्ह आलं की चिकटवलेली क्वेरी तुटते, आणि वाईट हेतूच्या माणसाला तर तेवढी फट पुरते.

तारखांचंही तसंच. विंडोजची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०६ म्हणजे ६ मे. तीन संगणकांवर तीन सेटिंग असतात. प्रोग्रॅम सुरू होताच तारखेचा नमुना कोडमध्येच ठरवून टाका आणि डेटाबेसला तारीख ही तारीख म्हणूनच द्या, मजकूर म्हणून नाही.

विंडोजवर पोस्टग्रेसशी बोलायला त्याची क्लायंट लायब्ररी, म्हणजे डीएलएल फाइल आणि ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या आणखी काही, एक्झीच्या शेजारी ठेवाव्या लागतात. एक्झी ३२ बिटची असेल तर डीएलएलही ३२ बिटचीच हवी, नाहीतर ‘लायब्ररी सापडत नाही’ असा संदेश येतो आणि फाइल तर डोळ्यांसमोर असते. पोस्टग्रेसचा विंडोजसाठीचा तयार इन्स्टॉलर ११ व्या आवृत्तीपासून फक्त ६४ बिटचा आहे. स्क्रॅम ही पासवर्डची चांगली पद्धत मात्र १० पासून आली. तेव्हा देवघेवीचा संगणक ३२ बिटचा निघाला तर १० व्या आवृत्तीची क्लायंट लायब्ररी शोधा. आणि जमलं तर त्या संगणकावर विंडोज ७ काढून एखादं हलकं लिनक्स टाका. विंडोज ७ ची सुरक्षा दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबली. तुमचा कोड तोच, फक्त पुन्हा कंपाइल करायचा. अनेक ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या साधनाचा खरा उपयोग मला इथे जाणवतो.

पडदा आखताना मापं पिक्सेलमध्ये ठोकून बसवू नका. त्याच फॉर्मवर लिनक्सचा फाँट वेगळ्या उंचीचा असतो, आणि देवनागरीला वर वेलांटी-रफार, खाली उकार, म्हणून इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. ग्रिडच्या ओळीची उंची वाढवली नाही तर ‘र्की’ वरून कापलेलं दिसेल. लॅझारसमधल्या अँकर आणि ऑटोसाइझ या सोयी पहिल्या दिवसापासून वापरा. विंडोजवर निर्मला किंवा मंगल, लिनक्सवर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित: फाँटचं नाव ऑपरेटिंग सिस्टिम पाहून ठरवा.

आता ज्या भागाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो: मराठी मजकूर.

‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. त्यातला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. इनस्क्रिप्टवर ऱ ची स्वतंत्र कळ आहे. काही ध्वन्यात्मक कीबोर्ड मात्र र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह असं लिहितात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. ‘ॲड.’ मधला ॲ तर तीन तऱ्हांनी येतो: स्वतंत्र अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, अ वर अर्धचंद्र देऊन, किंवा हिंदी वळणाचं ऍ वापरून. परिणाम असा की सभासद समोर उभा असतो आणि शोधात त्याचं नाव सापडत नाही. मग टेबलावरची ताई त्याला पुन्हा नवीन म्हणून नोंदवते. एका वर्षात एकाच माणसाची तीन खाती झालेली मी पाहिली आहेत, त्यातल्या दोन खात्यांवर अनामत.

युनिकोडचं प्रमाणीकरण, जे पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून तयार मिळतं, यातलं थोडंच सोडवतं. र खाली नुक्ता देऊन लिहिलेला ऱ ते एकत्र करतं, पण न दिसणारं जोडचिन्ह किंवा तीन तऱ्हांचा ॲ ते ओळखत नाही. म्हणून स्वतःचं एक छोटं फंक्शन लिहा आणि प्रत्येक मजकूर साठवण्याआधी त्यातून जाऊ द्या. र-हलंत-जोडचिन्ह दिसलं की ऱ-हलंत करा, अ-अर्धचंद्र आणि ऍ यांचा ॲ करा, दुहेरी मोकळ्या जागा एक करा, पुढच्या-मागच्या काढा. आकड्यांसाठीही असंच: दाखल क्रमांकाच्या खोकीत कोणी १२३४५ देवनागरीत टाइप करणारच, तो आकडा म्हणून स्वीकारला जात नाही, आधी बदलून घ्यावा लागतो.

याशिवाय शोधासाठी एक वेगळा कॉलम ठेवा, जो कोणाला दाखवायचा नाही. तुमच्या कपाटात जुनी पुस्तकं भरपूर असणार. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘कवि’, ‘बुद्धि’ असं छापलेलं आहे. ग्रंथपालाने मुखपृष्ठावर आहे तसंच नोंदवायचं असतं, ते बरोबरच. पण वाचक ‘कवी’ असं शोधणार. म्हणून शोधाच्या कॉलममध्ये सगळ्या दीर्घ वेलांट्या आणि उकार ऱ्हस्व करा, अनुस्वार काढून टाका, आणि वाचकाने टाइप केलेल्या शब्दावरही तीच क्रिया करून मग जुळवा. हे काम दोन तासांचं आहे आणि ग्रंथपालांचा दुवा वर्षानुवर्षं मिळतो.

अकारविल्हेचं असं. काहीच न सांगता लावलेला क्रम बहुधा युनिकोडच्या आकड्यांचा असतो. त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत मात्र तो ह च्या नंतर. म्हणजे ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी येतात. ‘क्षीरसागर’ क च्या गटात जातात, ‘ज्ञानेश्वर’ ज च्या. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीची भाषानिहाय कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम, मिळतात, त्यात मराठीचंही आहे. ते कॉलमला लावा. मग काळे, कावळे, कासार, क्षीरसागर, ज्ञानेश्वर, जोशी ही नावं घालून यादी काढा आणि तुमच्या ग्रंथपालांना दाखवा. तुमच्या छापील सूचीचा क्रम काही वेगळा असेल तर क्रमासाठी स्वतःची एक किल्ली बनवून तिच्यावर लावता येतं.

डेटाबेसच्या टेबलांबद्दल तीनच आग्रह. ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ वेगळी ठेवा. एका कादंबरीच्या पाच प्रती म्हणजे एक पुस्तक आणि पाच दाखल क्रमांक. दुसरं, वाचनालयाचे नियम प्रोग्रॅमच्या कोडमध्ये नाही तर डेटाबेसमध्ये लिहा. एकच प्रत एकाच वेळी दोन सभासदांकडे असू शकत नाही, हा नियम पोस्टग्रेसला एका ओळीत सांगता येतो: डेटाबेसमधल्या देवघेवीच्या टेबलावर प्रतीच्या क्रमांकाचा युनिक इंडेक्स (दुबार नोंद नाकारणारा), फक्त ज्या नोंदींत परत आल्याची तारीख रिकामी आहे त्यांच्यापुरता. मग दोन टेबलांवरून एकाच क्षणी तीच प्रत दिली गेली तरी दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. पडद्यावर तपासणी लिहून हे साधत नाही, कारण दोन्ही पडद्यांना त्या क्षणी प्रत मोकळीच दिसत असते. तिसरं, पैशांसाठी न्यूमरिक प्रकार घ्या, अपूर्णांक अंदाजे साठवणारा फ्लोट कधीच नाही. एसक्यूलाइटमध्ये असा दशांश प्रकारच नाही, तिथे मी रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवतो.

जुना डेटा आणणं हे तुमच्या कामातलं सर्वांत किचकट प्रकरण असेल. डीबीएफ फाइली लॅझारसच्या टीडीबीएफ या घटकाने थेट वाचता येतात, तिथे अडचण नाही. दोन सापळे आहेत. फॉक्सप्रोमध्ये काढून टाकलेली नोंद खरी जात नाही, फक्त तिच्यावर खूण होते, आणि ‘पॅक’ करेपर्यंत ती फाइलमध्येच राहते. खुणेकडे लक्ष न देणाऱ्या साधनाने फाइल बदललीत तर दहा वर्षांपूर्वी बाद केलेली पुस्तकं पुन्हा कपाटात येतील. दुसरा सापळा फाँटचा. त्या काळातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसतो. श्रीलिपी, शिवाजी किंवा सीडॅकचा सुरेख-योगेश, ज्या फाँटमध्ये टाइप केलं त्याच्या खुणा तिथे असतात, आणि प्रत्येकाची तक्ताबंदी वेगळी. फाँट आधी ओळखा, त्यासाठीचं परिवर्तक वापरा, आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार नीट पाहा. या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये क्रम उलटा. चुकतं ते बहुतेक तिथेच. बदलल्यावर शंभर नोंदी मूळ दाखल नोंदवहीशी, म्हणजे कागदाशी, ताडून पाहा. मी हे काम नेहमी दोघांनी करतो, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पाहायचं.

छपाईला एकच सूचना. पास्कलमधून थेट पीडीएफ लिहिणारी फ्री पास्कलची लायब्ररी जोडाक्षरांची आणि मात्रांची जुळणी करत नाही, ‘कि’ मधली वेलांटी भलतीकडे पडते. मी अहवाल एचटीएमएलमध्ये तयार करतो आणि ब्राउझरमधून छापतो, किंवा लिबरऑफिसला पडद्यामागे चालवून पीडीएफ करून घेतो. दोन्हीकडे मराठी स्वच्छ उमटतं आणि अहवालाचा नमुना बदलायला प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही. बारकोडसाठी वेगळं काही शिकू नका, यूएसबी स्कॅनर कीबोर्डसारखाच आकडे टाइप करतो.

बॅकअप रोज रात्री, सर्व्हरवरच, पोस्टग्रेसच्या पीजी-डंप या आज्ञेने. तो चालू असताना काम थांबवावं लागत नाही आणि निघणारी प्रत एका क्षणाची, सुसंगत असते. पोस्टग्रेस चालू असताना त्याचं डेटा फोल्डर नुसतं कॉपी करणं हा बॅकअप नव्हे, ते परत उभं राहीलच असं नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर, ती आठवड्यातून एकदा वाचनालयाच्या इमारतीबाहेर कोणाच्या तरी घरी. आणि महिन्यातून एकदा त्यातली एक प्रत वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये परत उतरवून सभासदांची संख्या जुळते का पाहा. हे न केल्यामुळे दोन वर्षांचे रिकामे बॅकअप नीट तारखांनुसार लावून ठेवलेले मी एका कार्यालयात पाहिले. फाइली रोज बनत होत्या, त्यांत काही नव्हतं, कारण मध्येच पासवर्ड बदलला होता.

आता चिटणीसांचा मॅक. लॅझारस मॅकवर व्यवस्थित चालतं, कोकोआ जोडणीने. पण मॅकसाठी बांधायचं तर हाताशी मॅक हवा, आणि ॲपलची सही नसलेला प्रोग्रॅम उघडताना मॅक अडवतं. सहीसाठी वर्षाला ९९ डॉलर भरून सभासद व्हावं लागतं. एका माणसाच्या महिनाअखेरच्या अहवालासाठी हा खटाटोप करू नका. त्यांना फक्त पाहायचं आहे, लिहायचं काही नाही. रात्रीच्या बॅकअपनंतर त्याच सर्व्हरवर एक छोटी आज्ञावली चालवा, जी वर्गणीची बाकी, दिवसाची देवघेव आणि नवीन दाखल पुस्तकांची यादी यांचं पीडीएफ बनवून त्यांना मेलने पाठवेल. त्यासाठी पोस्टग्रेसमध्ये फक्त वाचण्याचा हक्क असलेलं वेगळं खातं बनवा. ही आज्ञावली तुम्ही पायथनमध्ये लिहा, तेवढं पायथन तुम्हाला नक्की येतं.